सुलट दोन, उलट दोन

आमच्या पोर्थकेरात बायका दर्यावर जाणाऱ्यांसाठी जर्सी विणतात
तेव्हा छातीवर गावाची खूण घालतात:
शिडीची नक्षी, शेजारी दोरखंडाचा पीळ.
समुद्रानं चेहरा खाल्ला
तरी लोकर गाव सांगते.
कुठल्याही किनाऱ्याला लागलेला माणूस
नक्षीवरून घरी येतो.

जेनिफर ट्रेव्हेला बुडाली
तेव्हा तिच्या अंगावर खूण नव्हती.
काळ्या सर्जचा झगा, आत विजार, मोजे,
आणि घेर वर तरंगू नये म्हणून
काठात शिवलेल्या शिशाच्या गोळ्या.
धक्क्यापासून बारा हात. मी मोजलेत.
दोघा माणसांना उचलवेना;
पोर हलकी, कपडा जड.
पाद्री म्हणाले, निदान मर्यादेत गेली.

थिर्झा पेंगली तिथंच उभी होती,
जाळी दुरुस्त करणाऱ्याची मुलगी, सोळाची,
पोरांच्या पुढे पोहायची
म्हणून गाव तिला कधीचंच पाण्यात पाहत होतं.
रात्री माझ्या दारात आली,
हातात भावाची जुनी जर्सी.
"केन्झा मावशी, ही उसव.
मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध विण.
पाणी कुठंही अडकता कामा नये."
मी विचारलं, बाह्या?
म्हणाली, बाह्या कशाला, हात आहेत की.

चाळीस वर्षं मी पुरुषांचीच मापं घेतलेली.
तिच्या खांद्यांना माझी दोरी पुरेना.

पहिला पोशाख भिजून गुडघ्यांपर्यंत लोंबला.
खडकावर बसून दोघी हसत सुटलो,
जेनिफर गेल्यावर पहिल्यांदाच.
दुसरा मीच उसवला.
तिसरा बसला
मासळीला खवले बसतात तसा.

ब्लॅकपूलच्या वाळूत हवालदारानं
तिच्या अंगावर आपला कोट टाकला.
ती कोटासकट समुद्रात शिरली,
बाहेर आली ती बिनकोटाची.
दंड पाच शिलिंग. कोटाचे वेगळे.

मग हॅकशॉ नावाच्या मॅनेजरनं
तिला काचेच्या हौदात उतरवलं,
आणि तेच लोक तिकीट काढून
तिला पाण्यात पाहू लागले.
तळाशी बसून ती बटण टाके, दूध पिई.
मी एकदाच गेले, शेवटच्या रांगेत,
तिनं श्वास धरला की माझी बोटं आपोआप चालत,
सुया नसतानाही:
सुलट दोन, उलट दोन,
सुलट दोन...
बाजूचा माणूस बायकोला म्हणाला, काय ही निर्लज्ज,
आणि पुढं सरकून बसला.

हॅकशॉनं तिला जलपरीची शेपटी शिवून घेतली होती.
रुपेरी, अकरा पौंडांची.
खाली राहावी म्हणून काठात काय भरलं होतं
ते मला लांबूनही कळलं.
तिलाही कळलं असावं.
कारण त्या रात्री बटण अर्धवट टाकून
तिनं पाण्याखालीच कमरेची गाठ सोडली.
शेपटी तळाला बसली.
थिर्झा माझ्या काळ्या विणीत वर आली,
दोन पायांची,
आणि सभागृहात कुणाला टाळी सुचेना.

वर्तमानपत्रांनी बोटं मोडली.
लेस्टरच्या गिरणीनं मागणी नोंदवली.
वर्षभरात हजारो निघाले, यंत्रावर,
नुसते सुलट, गुळगुळीत, कुठल्याच गावाचे नाहीत.
मला त्यातला फार्दिंग दिसला नाही.
खोटं कशाला बोलू, राग आला होता.

ती परत आली नाही. ॲडलेडला लग्न केलं म्हणे,
म्हातारी होऊन पलंगावर गेली, कोरडी.
परवा पार्सल आलं: तोच पोशाख,
कसरीनं पाठ चाळणी केलेली.
पण डाव्या कमरेला, आतल्या बाजूनं,
तिला न सांगता मी घातलेली शिडी
शाबूत.
अंगाला टोचली असेल इतकी वर्षं.
बोलली नाही.

जेनिफरची भाची सात वर्षांची आहे,
धक्क्यावरून रोज उडी मारते, कुणाचं ऐकत नाही.
तिला हा फारच लांब होतो.
खालून उसवायला घेतलाय.
शिडीच्या अलीकडे थांबेन.